कार्ड, ट्रॉफी, सह्यांचा चेंडू की व्हॉट्सअ‍ॅप? मुलांच्या क्रीडासंस्थेच्या मदतकर्त्यांचे आभार मानायच्या वस्तूंचा रोखठोक आढावा

निकाल आधीच सांगून टाकू. मुलांना खेळ शिकवणाऱ्या संस्थेकडे हंगामअखेरीस आभारासाठी थोडेच पैसे उरले असतील, तर ते सगळे एकाच वस्तूवर घालावेत: ए-५ आकाराचं, मधोमध घडीचं, आतून चकचकीत थर नसलेलं कार्ड, त्यात थोडा छापील मजकूर आणि एखाद्या खेळाडूच्या हस्ताक्षरातल्या दोन ओळी. पाचपैकी साडेचार. व्हॉट्सअ‍ॅपला साडेतीन, सह्यांच्या चेंडूला तीन. अ‍ॅक्रिलिकच्या ट्रॉफीला दोन, तेही मोठ्या प्रायोजकाच्या स्वागतकक्षात ती शोभून दिसते म्हणून.

हे गुण तीन गोष्टींवर दिलेत. देणाऱ्याचं नाव बिनचूक पडतं का, त्याच्या मदतीचं पुढे काय झालं ते सांगायला जागा आहे का, आणि फोटोतल्या मुलाची ओळख नको त्याच्या हाती जाते का. वस्तू किती चकचकीत आहे याला गुण नाहीत. शंभर पत्रांपैकी नव्वदांत ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत’ एवढंच असतं. ते वाचून देणाऱ्याला कळत नाही की आपण शिनगार्ड (नडगीचे संरक्षक) दिले होते की बसभाडं.

कार्ड: कागदापासून सुरुवात

ए-५ म्हणजे १४८ × २१० मिमी. मधोमध घडी घातली की ए-६, म्हणजे १०५ × १४८ मिमी होतं आणि सी-६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) अलगद बसतं. हा आकार निवडायचं कारण वजनाचं आहे. ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं) असं कार्ड साधारण ९ ग्रॅम भरतं, पाकीट ४ ते ५ ग्रॅम. सोबत चार बाय सहा इंचाचा एक फोटो टाकला तर आणखी ४ ग्रॅम. एकूण १८ च्या आसपास. अनेक देशांत टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, त्यात हे बसतं. दुसरा फोटो टाकला की टप्पा ओलांडलाच म्हणून समजा, आणि दोनशे पाकिटांना तो फरक चांगलाच जाणवतो.

छापखान्यात ‘आर्ट कार्ड’ मागितलं की बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कागद पुढे येतो. इथेच गाडी अडते. गुळगुळीत कागदावर, त्यातही ग्लॉस लॅमिनेशनवर (वरून चढवलेल्या चकचकीत प्लास्टिकच्या थरावर), बॉलपेन घसरतं आणि जेलची शाई सुकायच्या आत अंगठ्याखाली फासली जाते. मुलाने मन लावून लिहिलेल्या ओळीवर निळा पट्टा उमटतो आणि कार्ड वाया जातं. म्हणून मागताना स्पष्ट सांगावं: एकच बाजू कोटेड (गुळगुळीत थर दिलेली), आतली बाजू अनकोटेड (थर नसलेली), लॅमिनेशन हवंच असेल तर फक्त बाहेरून आणि मॅट. ऑर्डर देण्याआधी त्याच कागदाचा तुकडा मागून घ्यावा, ज्या पेनाने मुलं लिहिणार त्याच पेनाने लिहावं आणि दहा सेकंदांनी बोट फिरवून बघावं. दुकानदार देत नसेल तर दुकान बदलावं.

घडीसाठी क्रीजिंग (दुमडण्याआधी दाबून पाडलेली खाच) सांगायला विसरू नये. २०० जीएसएमच्या वरचा कागद नुसता दुमडला की घडीवर तडे जातात, आणि डिजिटल छपाई असेल तर टोनर (पुडीच्या रूपातली शाई) पापुद्र्यासारखा सुटून खालची पांढरी रेघ दिसते. गडद रंगावर ती फार वाईट दिसते. क्रीज मारल्यावर जी बाजू उंचावते ती घडीच्या आत यायला हवी. घाईत हे उलटं करणारे खूप आहेत. कागदाच्या तंतूंची दिशा घडीला समांतर ठेवायला सांगितलं तर निम्मा त्रास तिथेच मिटतो. शिवाय घडीची रेघ मुखपृष्ठावरच्या कुणाच्या चेहऱ्यातून जाऊ देऊ नये.

फाइल देताना चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेली छपाई) आणि मजकूर कडेपासून किमान ५ मिमी आत. फोटोचा हिशेब सोपा आहे: ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ए-६ चं पूर्ण पान भरायला १२४० × १७४८ पिक्सेल लागतात, ए-५ ला १७४८ × २४८०. पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा असतो. तो ए-६ वर कसाबसा निभावतो, ए-५ वर मात्र फुटतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

रंगांबद्दल एक धोक्याची सूचना. सरावाची फ्लुरोसंट जर्सी स्क्रीनवर जशी झगमगते तशी नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत येत नाही. निऑन हिरवा मळकट होतो, निऑन नारिंगी विटकरीकडे झुकतो. ही छापखान्याची चूक नसते, सीएमवायके (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) शाईची मर्यादाच ती. निऑन जर्सीतला फोटो मुखपृष्ठावर घेऊ नये, किंवा रंग फिका पडेल हे धरून चालावं.

देवनागरीचा घोळ वेगळाच. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उघडी पडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट (देवनागरीसारख्या लिपी नीट मांडणारा पर्याय) चालू केलेलं नसेल तर हमखास. डिझायनर मराठी वाचणारा नसेल तर त्याला ते दिसणारही नाही. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) हाती आल्यावर ‘क्रीडा’, ‘कृतज्ञता’, ‘प्रशिक्षक’, ‘विद्यार्थ्यांना’, ‘खेळणाऱ्या’ हे शब्द आधी तपासावेत. हे पाच नीट असतील तर बाकीचं बहुधा नीट असतं. अंतिम पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेला (फाइलमध्येच भरलेला) असावा किंवा अक्षरांचे कर्व्ह (आकृत्या) केलेले असावेत. नाहीतर तुमच्या स्क्रीनवरचं आणि त्यांच्या यंत्रावरचं अक्षर एकच असेल याची खात्री नाही.

आत काय लिहायचं

छापील मजकूर साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ देऊ नये. नमुना असा:

‘नमस्कार. या हंगामात आपण दिलेल्या रकमेतून चौदा वर्षांखालील मुलींच्या गटासाठी १८ जोड शिनगार्ड आणि सहा चेंडू घेतले. त्यामुळे सामन्याच्या दिवशी एकमेकींचे शिनगार्ड बदलून घालायची वेळ आली नाही आणि सराव दोन गटांत एकाच वेळी घेता आला. दोन चेंडूंची शिवण उसवली आहे, चार अजून वापरात आहेत. आपले मनापासून आभार.’

यातलं उसवलेल्या शिवणीचं वाक्य अनेकजण खोडायला लावतील. खोडू नये. सगळं उत्तम चाललंय असं सांगणाऱ्या पत्रापेक्षा हिशेब देणाऱ्या पत्रावर विश्वास बसतो. मात्र त्याच्यापुढे ‘म्हणून पुढच्या वर्षी आणखी सहा चेंडू हवे आहेत’ असं जोडलं की आभारपत्राचं मागणीपत्र झालं. मागणी दुसऱ्या पत्रात, निदान काही आठवड्यांनी. पावतीसुद्धा याच पाकिटात कोंबू नये; ती आधीच गेलेली असायला हवी.

‘गरीब’, ‘गरजू’, ‘वंचित’ हे शब्द कार्डावर नकोत. तेच मूल ते कार्ड हातात धरून लिहिणार असतं.

मुलाच्या ओळींसाठी ‘थँक यू लिही’ असं सांगितलं तर चाळीस कार्डांवर चाळीस वेळा तेच येतं. प्रश्न विचारावा: हंगामाच्या सुरुवातीला जमत नव्हतं आणि आता जमतं असं काय आहे? ‘मला डाव्या पायाने पास देता येतो’ हे उत्तर जसंच्या तसं कार्डावर उतरवायला सांगावं. शुद्धलेखन सुधारू नये, पेन्सिलीने आखून मग गिरवायला लावू नये. निळं बॉलपेन द्यावं. काळी शाई छापील वाटते. एका बैठकीत एका मुलाला पाच-सहाच कार्डं. त्यानंतर अक्षर सुटतं, ओळी आखूड होतात आणि ही शिक्षा आहे असं त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागतं. लिहायचं नसेल त्या मुलाला भरीला पाडू नये. खाली फक्त पहिलं नाव आणि वयोगट.

यादी बिघडली की सगळंच बिघडलं

मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावं पत्रात आपोआप भरणं, ही फुकटची आणि भरवशाची सोय आहे, पण ती यादीइतकीच शहाणी असते. शीटमध्ये निदान इतके रकाने हवेत: संबोधन, नाव, पाकिटावर हवं तसं नाव, मदतीचा प्रकार, ती कशासाठी वापरली, कुणाच्या स्मरणार्थ असल्यास ते नाव, नाव जाहीर करायला परवानगी आहे का, आणि पत्र पाठवल्याची तारीख.

नेहमीचा अपघात असा घडतो: कुणीतरी फक्त नावाचा रकाना निवडून अकारविल्हे लावतो, बाकीचे रकाने जागेवरच राहतात. मग चेंडू देणाऱ्याला बसभाड्याबद्दल आणि बसभाडं देणाऱ्याला फिजिओथेरपीबद्दल धन्यवाद जातात. स्क्रीनवर काहीच चुकलेलं दिसत नाही. उपाय: क्रमवारी लावताना पूर्ण तक्ता निवडणं, आणि छापण्याआधी वरून, मधून आणि खालून पाच-पाच नावं मूळ पावत्यांशी ताडून बघणं. रिकाम्या रकान्यामुळे ‘आदरणीय ,’ असं लोंबकळणारं संबोधन छापून येतं. तेही याच वेळी सापडतं.

स्मरणार्थ दिलेल्या देणगीकडे विशेष लक्ष द्यावं. त्या पत्रात गेलेल्या व्यक्तीचं नाव आलंच पाहिजे, आणि ते अचूक. पती-पत्नींनी मिळून दिलं असेल तर दोघांची नावं. कंपनीने दिलं असेल तर कंपनीला एक पत्र आणि ज्या कर्मचाऱ्याने ते जमवून आणलं त्याला वेगळं. ‘नाव नको’ म्हणणाऱ्यांनाही आभारकार्ड जातंच, फक्त फलकावर आणि अहवालात त्यांचं नाव येत नाही. बऱ्याच संस्था इथे गल्लत करतात आणि निनावी दात्याला साधी पोचही देत नाहीत.

पैसे न देता मदत करणारे यादीत मुळात नसतातच, कारण यादी हिशेबाच्या वहीतून निघते. मैदान वापरू देणारे, सामन्याला गाडीने मुलं नेणारे पालक, रविवारी शिट्टी घेऊन उभा राहणारा पंच, मोफत टाचा-गुडघे तपासणारे डॉक्टर. यांची नावं प्रशिक्षकाकडून वेगळी मागवावी लागतात.

फोटो: इथे हयगय नको

पालकांची लेखी परवानगी असलेलेच फोटो घ्यावेत, आणि परवानगीच्या अर्जात ‘आभारपत्र’, ‘फलक’, ‘समाजमाध्यम’ हे तीन चौकोन वेगळे असावेत. एकाला हो म्हणजे तिन्हींना हो नव्हे. फोटोखाली पूर्ण नाव, शाळा आणि सरावाची वेळ यातलं काहीही नको. जर्सीच्या पाठीवरचं आडनाव, मागच्या भिंतीवरची शाळेची पाटी, बिल्ला हेही बघावं. फोटो निवडताना सगळ्यांचं लक्ष चेहऱ्याकडे असतं आणि पाटी राहून जाते. पोहणं आणि जिम्नॅस्टिक्समध्ये पोशाखाकडे बघून फोटो निवडावा. ट्रॅकसूटमधला, पदक हातात घेतलेला कधीही बरा.

आणखी एक बारकावा. मघाशी छपाईसाठी फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवायला सांगितलं, पण त्या फाइलमध्ये काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांशही शाबूत येऊ शकतात. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप ती माहिती गाळतं. म्हणून मूळ फाइल छापखान्यापुरतीच ठेवावी. देणगीदारांना पाठवायची प्रत वेगळी काढावी आणि त्यातली ठिकाणाची माहिती पुसून मगच पुढे द्यावी.

ट्रॉफी आणि इतर चकचकीत माल

अ‍ॅक्रिलिकवर दोन तऱ्हेने अक्षरं उमटवतात: लेसरने कोरून किंवा यूव्ही छपाईने (अतिनील प्रकाशात सुकवलेल्या शाईने). कोरलेली अक्षरं फिकट पडत नाहीत. यूव्ही छपाई रंगीत आणि देखणी असते, पण वरच्या बाजूला छापली असेल तर पुसताना ओरखडे येतात. पारदर्शक तुकड्याच्या मागून उलटी छापून घेतली तर टिकते. कोरीवकामात नाव चुकलं तर दुरुस्ती नाही, नवा तुकडाच. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्यावर नाव, वर्ष आणि बोधचिन्ह यापलीकडे काही मावत नाही. शिवाय छोट्या देणगीदाराला जड ट्रॉफी गेली की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘माझे पैसे यातच गेले का?’ चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कॉफीचे मग आणि टी-शर्ट यांवरच्या सब्लिमेशन (उष्णतेने शाई आत मुरवायच्या) छपाईबद्दल दोनच गोष्टी: ती पॉलिस्टरवर किंवा पॉलिस्टरचा थर दिलेल्या वस्तूवरच पकडते आणि पांढऱ्या किंवा फिक्या पृष्ठभागावरच नीट दिसते. सुती टी-शर्टवर सब्लिमेशन करून देतो म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये.

मैदानावरचा नावांचा फलक उपयोगी, पण प्रायोजकाचं बोधचिन्ह व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या स्वरूपात, मागावं. वेबसाइटवरून उचललेलं चित्र सहा फुटांवर चौकटी-चौकटींचं दिसतं आणि आभार मानायला गेलेली संस्था माफी मागत बसते. दारू, तंबाखू आणि सट्ट्याच्या कंपन्यांची चिन्हं मुलांच्या मैदानावर आणि जर्सीवर येऊ नयेत; हे पैसे घेण्याआधी बोलायचं असतं, फलक छापताना नव्हे.

सह्यांचा चेंडू, सह्यांची जर्सी

कल्पना छान, आणि वर्षभर साथ देणाऱ्या दोन-तीन जणांसाठी खरोखर वजनदार. पण सिंथेटिक चेंडूवर सहीची शाई पसरण्याचा धोका राहतो. चकचकीत पृष्ठभागावर ती बराच वेळ ओली असते. पृष्ठभाग आधी मऊ कोरड्या कापडाने पुसावा, टोक बारीक असलेला परमनंट मार्कर वापरावा, आधी एका कोपऱ्यात करून बघावं, आणि सह्या झाल्यावर चेंडू वाटीत किंवा रिंगवर ठेवून रात्रभर हात लावू नये. ५ नंबरच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंमी असतो. फुगवून पाठवला तर तेवढा मोठा खोका लागतो. हवा काढून पाठवणं स्वस्त पडतं, पण पूर्ण सपाट करू नये, घडीवर सही तडकते. अर्धी हवा काढावी, खोक्यात सुई ठेवावी आणि ‘सुई ओली करून घाला’ अशी चिठ्ठी जोडावी. कोरड्या सुईने व्हॉल्व्ह फाटतो.

जर्सीवर सही घेताना आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरावं. पुठ्ठा नसेल तर शाई पाठीवरून पोटावर उतरते. बॅटवर सही उत्तम टिकते, मात्र तेल लावण्याआधी घ्यावी.

व्हॉट्सअ‍ॅप आणि ई-मेल

पैसे किंवा सामान मिळाल्यावर दोन दिवसांत पोच द्यायला याहून सोयीचं काही नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणारी यादी) वापरावी, ग्रुप नव्हे. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि निनावी दात्याचं गुपित एका मिनिटात फुटतं. एका यादीत २५६ जण मावतात. पण ज्यांनी संस्थेचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट पोहोचतो, आणि हे माहीत नसल्यामुळे ‘सगळ्यांना पाठवलं’ असं समजून कित्येकजण निर्धास्त असतात. पावतीसोबतच नंबर साठवायची विनंती करावी.

ई-मेलमध्ये पत्ते बीसीसीत, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंत पाठवता येतं, त्याच्या पुढे खातं काही काळ अडकतं. मोठी यादी असेल तर दोन-तीन दिवसांत विभागावी.

मुलांचा व्हिडिओ करणार असाल तर चाळीस सेकंदांत आवरावा आणि वाऱ्याकडे पाठ करून काढावा. मोकळ्या मैदानावर फोनच्या माइकमध्ये वाराच जास्त भरतो. सगळ्यांनी एका सुरात ओरडण्यापेक्षा एकाने बोलावं आणि बाकीच्यांनी मागे सराव करत राहावं.

कधी पाठवायचं

कार्ड हंगाम संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत. त्यानंतर ते वरातीमागून घोडं. ६ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांचा विकास व शांततेसाठी खेळाचा आंतरराष्ट्रीय दिन आणि ५ डिसेंबर हा स्वयंसेवक दिन. पंच, प्रशिक्षक, गाडी चालवणारे पालक यांच्यासाठी डिसेंबरची तारीख चपखल बसते. देणगीदारांसाठी ६ एप्रिलचा आग्रह धरू नये. हंगाम ऑक्टोबरमध्ये संपत असेल तर एप्रिलपर्यंत कुणाला काय आठवणार?

ऑर्डर देताना यादीपेक्षा १५ टक्के कार्डं जास्त आणि पाकिटं २० टक्के जास्त सांगावीत. कार्डं लिहिताना बिघडतात, पाकिटं पत्ता चुकल्याने. परत आलेली पाकिटं फेकू नयेत. त्यावरचा शेरा बघून शीटमधला पत्ता त्याच दिवशी दुरुस्त करावा आणि उरलेल्या कार्डांतून नवं पाठवावं. छपाईची मूळ फाइल आणि वापरलेल्या कागदाचं नेमकं नाव मात्र स्वतःकडे मागून ठेवावं. पुढच्या वेळी दुकानदार बदलला तरी ‘मागच्यासारखंच द्या’ म्हणून अडायला नको.